आत ओढा, फुंकू नका

मी तीन चेंडूंचा डबा बोलतोय. आधी हसून घ्या, मग पुढचं सांगतो. एकमेकींना चिकटलेल्या प्लास्टिकच्या तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक हलका चेंडू, आणि बाजूला तोंडात धरायची एक लवचीक नळी. श्वास आत ओढला की चेंडू वर चढतात. एवढंच माझं कर्तृत्व. रुग्णालयाच्या कपाटात माझे शेजारी मोठे रुबाबदार होते. कुणाला दिवे, कुणाला तारा. मला साधं बटणसुद्धा नाही.

साच्यातून माझ्यासारखे ढिगाने बाहेर पडले, त्यामुळे घराण्याचा अभिमान वगैरे भानगड नाही. पाकिटात पडल्या पडल्या मी मात्र मोठी स्वप्नं बघायचो. मग लढाई शहराच्या कडेला आली, तोफगोळ्यांचा पांढरा धूर वस्तीत उतरला, आणि माझं पाकीट फुटलं.

मी काचवाल्या बाबांच्या वाट्याला आलो. लोखंडी नळीतून वितळलेली काच फुंकून ते प्रयोगशाळांसाठी चंबू बनवत. त्यांनी मला तोंडाला लावलं आणि सवयीने गाल फुगवून फुंकर मारली. चेंडू ढिम्म हलले नाहीत.

"हे बिघडलेलं दिसतंय," बाबा म्हणाले.

"बाबा, फुंकायचं नाही, आत ओढायचं," नर्स म्हणाली.

"जन्मभर श्वास बाहेर सोडला, आता उलटं शिकू होय?" असं म्हणताच त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी मला पाण्याच्या बाटलीमागे ढकललं. मी तिथे तोंड लपवून बसलो. माझ्यामुळे कुणी बरं होईल ही माझी समजूत पहिल्याच दिवशी निकालात निघाली.

आता कोडिंगवाल्या बाईंची ओळख करून देतो. प्रत्येक आजाराला आणि त्याच्या कारणाला ठरलेला कोड द्यायचा, हे त्यांचं काम. त्या कारणावरच सगळं अडलेलं होतं. युद्धकारवाईत छाती निकामी झालेल्या नागरिकाला सरकारकडून घरी प्राणवायूचं यंत्र मिळे, धंद्यापायी खोकणाऱ्याला मिळत नसे. आणि नाकातली प्राणवायूची नळी काढली की बाबांना चार शब्दही धड बोलता येत नव्हते. तरी डॉक्टरांना त्यांनी सांगितलं होतं, "भट्टीपुढचा जुना खोकला आहे." डॉक्टरांनीही तेच लिहिलं.

बाई केसपेपर घेऊन थेट खाटेपाशी आल्या. "बाबा, जुना म्हणजे कधीपासूनचा?"

"असेल बरीच वर्षं."

"काही वर्षं वगैरे नाही," शेजारी बसलेली त्यांची मुलगी म्हणाली. "हल्ल्याच्या आदल्या दिवसापर्यंत हे काच फुंकत होते. गोळे पडायला लागले तेव्हा मी कामावर अडकले होते. हे मला आणायला त्या धुरातून आले."

"कशाला सांगतेस?" बाबा पुटपुटले. "तुला जन्मभर टोचत राहील."

"टोचतंच आहे, बाबा. तुम्ही बोला नाहीतर नका बोलू."

बाईंनी केसपेपर मिटला. मग म्हणाल्या, "मला माझ्या मनाने काही लावता येत नाही. डॉक्टरांनी लिहायला हवं. मी त्यांना बोलावून आणते." डॉक्टर आले, त्यांनी सगळं पुन्हा विचारून घेतलं, आणि नव्याने लिहिलं. बाईंनी त्यावरून कारणाचा कोड बदलला. या सगळ्यात माझा वाटा काय? मी बाटलीमागे होतो.

बाई गेल्यावर मुलीने मला बाहेर काढलं, पुसलं, आणि बाबांपुढे धरलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि श्वास आत ओढला. पहिला चेंडू जेमतेम उचलला गेला. मला एवढा आनंद झाला, की स्वतःचीच लाज वाटली.

आता आम्ही घरी आहोत. कोपऱ्यात प्राणवायूचं यंत्र घुरघुरतं, सगळा मान त्यालाच. मी खिडकीत, बाबांनी पूर्वी फुंकलेल्या एका चंबूशेजारी. काच फुंकणं आता होणार नाही, हे बाबांना कळलंय. तिसरा चेंडू कधी उठेल असं मलाही वाटत नाही. मी एकाच माणसापुरता असतो. बाबांनंतर माझी जागा कचऱ्यात, हे मला पक्कं ठाऊक आहे. तक्रार नाही, फक्त त्याची घाई करू नका.

रोज सकाळी मुलगी मला बाबांच्या तोंडाला लावते. पहिला चेंडू चढतो, दुसरा थरथरतो आणि सावकाश वर जातो. तो वर टेकला, की मुलगी तोवर रोखून धरलेला स्वतःचा श्वास सोडते.