टाकाच्या कडेवरचा नंबर

समिधा इटलीत दामाजीच्या थडग्यापाशी उभी होती आणि इकडे बाळकुमला, तिच्या घराच्या दारात मी चपला काढत होतो. मी तिला चुकीच्या थडग्यावर पाठवलं असण्याची शक्यता होती.

दामाजी पाटील म्हणजे तिच्या आजीचे, जनाबाईंचे वडील. मिठागरातला हा माणूस मराठा पलटणीत भरती झाला आणि चव्वेचाळीस साली इटलीत मारला गेला. त्याला तिथेच पुरलं. जनाबाई तेव्हा दोन वर्षांच्या. घरात त्याचा फोटोही नाही. मी त्यांचा शेजारी, जन्मभर ग्रंथालयात कार्डं लावलेला माणूस. निवृत्तीनंतर दफनभूमींच्या याद्या चाळताना हे नाव सापडलं आणि उत्साहाच्या भरात मी रांग आणि दगड सांगून मोकळा झालो. तिकडे शिकायला गेलेली समिधा दोन गाड्या बदलून आज पोचली. आणि आजच सकाळी यादी पुन्हा पाहिली, तर त्याच पलटणीचा, त्याच दफनभूमीत, आणखी एक दामाजी पाटील!

"या काका, या!" जनाबाईंचा मुलगा दिपेश मोबाइल नाचवत म्हणाला. "पोरगी भाकरी घेऊन उभीये. तुमच्यासाठी थांबलोय."

"ते... दोन आहेत," मी म्हणालो.

"काय दोन?"

"दामाजी पाटील. आपला कोणता, मला माहीत नाही. माझं चुकलं."

मोबाइलमधून समिधा ओरडली, "आजोबा! माझी बस एकला आहे, पाऊण तास उरलाय फक्त!"

"मग दोघांना अर्धी अर्धी ठेव ना," दिपेश म्हणाला.

"गप रं!" जनाबाई कडाडल्या. "ऐंशी वर्सांनी बापसाला भाकर चाललीय, ती अर्धी? दुसऱ्याला तिच्या शिदोरीतली वेगली ठेवू. पन माझा बापूस कंचा, ते मना कलाला नको?"

त्या उठल्या, देव्हाऱ्यातून काहीतरी काढून तळहातावर घेऊन आल्या. "आता बापसालाच इचारते."

शेंदराने माखलेला, जुन्या रुपयाहून मोठा टाक होता तो. लढाई संपल्यावर पोस्टाने आलेला. त्यांच्या आईने तो नवऱ्याचा टाक म्हणून देवांत बसवला होता.

"बघा, मुंडासं बांधलंय," जनाबाई म्हणाल्या.

मी चष्मा सावरला. ते मुंडासं नव्हतं, मुकुट होता. इंग्रजांच्या राजाचं झिजलेलं डोकं! सरकारने पाठवलेलं युद्धपदक होतं ते. हे यांना कसं सांगायचं? तेवढ्यात दुसरं काहीतरी आठवून मी ओरडलो.

"कड! जनाबाई, याच्या कडेवर शिपायाचा नंबर कोरलेला असतो! पण शेंदूर काढावा लागेल."

क्षणभर त्यांनी टाक छातीशी धरला. मग आतून चिंच आणली आणि समोरची बाजू अंगठ्याखाली झाकून फक्त कड घासू लागल्या. दिपेशने विजेरी धरली.

"एक," मी वाचलं. "पाच. नऊ."

"दगडावर पण एक, पाच, नऊ!" समिधा म्हणाली.

"दोन."

ती दगडावर वाकली. "इथे सात आहे, आजोबा."

"म्हणजे मी चुकलो! समिधा, साफ चुकलो!" चूक झाल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. "डावीकडे, चौथी रांग, अकरावा दगड. पळ!"

पडद्यावर गवत, आभाळ, तिचे बूट, पुन्हा गवत.

"अगं पडशील!" दिपेश ओरडला.

"एक, पाच, नऊ, दोन..." तिला धाप लागली होती. "शून्य, सहा! आणि वर ॐ आहे, आजी!"

जनाबाईंनी घासलेली कड माझ्यापुढे धरली. शून्य. सहा.

त्यांनी मोबाइल दोन्ही हातांत घेतला. पडद्यावरच्या दगडावरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "भाकर मोडून ठेव गो. घासघास करून."

मला राहवेना. "जनाबाई, तो टाक... तो चेहरा..."

"राजाचा हाय. आयस सांगायची ना," त्या सहज म्हणाल्या. "पन राजाचं नाक झिजलं, तवापास्नं मना बापूसच दिसतो." आणि पुन्हा मोबाइलमध्ये तोंड घालून, "समिधा, दुसरी भाकर त्या पहिल्या दामाजीला ने. त्यालाबी कोन लेक असंल, तिला कुनी सांगितलंय का?"

समिधा परत धावत सुटली. मी खिशातून वही काढली. "त्या दगडावरचा नंबर पूर्ण वाच," मी म्हणालो, "सावकाश."