डोळे मिटलेले फोटो

फोटोग्राफर सनीचा फायदा सरळ होता: एक अख्खा रविवार. एरवी लग्नाचे तीन हजार फोटो एकेक करून बघायचे, निम्मे उडवायचे, वर बायकोची बोलणी. एकाच मावशीचे सात फोटो, सातांतही तिचं तोंड उघडं. आता नवं सॉफ्टवेअर आलं होतं. हललेले, दुबार, डोळे मिटलेले फोटो ते आपणच पुसणार. सनीनं ताज्या लग्नाच्या फोटोंवर बटण दाबलं आणि बायकोला, रश्मीला घेऊन काशीदला फिरून आला.

"आजवर उगाच डोळे फोडलेस," रश्मी म्हणाली.

बुधवारी त्या लग्नातल्या नवरीचे, पूनमचे वडील अंबाजी रिक्षानं मुरुडच्या स्टुडिओत आले. काठी टेकत, एक पाय ओढत. अर्धांगाच्या झटक्यानंतर लग्नातही ते खुर्चीतच होते. उठले ते फक्त बुद्धवंदनेला. पूनमच्या शेजारी, काठीशिवाय.

"जय भीम. मी उभा व्हतो तेवढाच दाव. बाकीचं पूनम बगंल."

सनीनं फोटो पुढे नेले, मागे आणले, चिडून माऊस आपटला. वंदनेचा फोटो कुठेच नव्हता. त्रिशरण-पंचशील म्हणताना सारा मांडव हात जोडून, डोळे मिटून उभा! सॉफ्टवेअरनं एकूण एक फोटो उडवला होता. कॅमेऱ्याच्या कार्डावर तोवर दुसऱ्या लग्नाचे फोटो चढले होते, म्हणजे मूळ फोटोही गेले.

"काका, कुनाच्या मोबाईलवर आसंल..."

"हात जोडल्यावर मोबाईल कशात धरतील रं? सगल्या मांडवात तुझेच डोले उगडे."

"मशीनला कळत न्हाय, काका."

"तिला न्हाय कळत. तू तं ल्हानपनापासून माझ्या बाजूला उभा ऱ्हाऊन वंदना म्हनलास."

अंबाजींनी काठी सनीच्या हातात दिली.

"आता काढ."

"बसून घेऊ ना, काका."

"बसलेले ढीगभर हायत तुझ्याकडं."

ते पडद्यापुढे उभे राहिले, एका कडेला.

"मधे या, काका."

"न्हाय. हितं पूनम व्हती."

चांगल्या हातानं लुळा हात उचलून त्यांनी जोडला आणि डोळे मिटले. गुडघे थरथरत होते. पहिला फोटो हलला. दुसराही हलला. सनीनं एकही पुसला नाही.

रविवार सनीचा वाचला होता. त्याचं देणं अंबाजी उभ्यानं फेडत होते, शेजारची जागा रिकामी ठेवून.