वॉल्टरच्या दाढेतली चांदी

मित्रांनो, मी एक जुनं डोकं आहे. नुसतं डोकं! मानेखाली लोखंडी दांडा, तो खुर्चीला आवळलेला. गाल रबरी, दात प्लास्टिकचे, एकेक खालून स्क्रूने बसवलेला. अमेरिकेत ओहायोतल्या एका दंतशाळेत माझी सगळी उमेदीची वर्षं गेली, आणि काय दिवस होते ते!

माझ्याकडे येणाऱ्या बायका नवशिक्या नव्हत्या. डॉक्टरांना हत्यारं देण्यात, रोग्याची लाळ ओढण्यात त्यांची वर्षं गेलेली. मग आमच्या राज्यात नवा नियम आला. डॉक्टरांनी दात कोरायचा आणि त्यात चांदी मदतनीस बाईने भरायची. पण आधी माझ्या तोंडात हात बसवायचा आणि परीक्षा द्यायची.

त्यांतलीच लोरेटा कोवाल्चिक. एकदा नापास झालेली, आता शेवटची संधी. ती ज्यांच्या हाताखाली काम करायची, ते तिच्या गावचे डॉक्टर लेहमन थकले होते. दोन खुर्च्यांमध्ये धावपळ त्यांना झेपत नव्हती. लोरेटा पास झाली नाही, तर नाताळात दवाखान्याला कुलूप लागणार होतं.

तिची अडचण एकच. हत्यार उचललं की तिचा हात माझ्या नाकावरून पलीकडे जायचा आणि तिथेच थांबायचा. डॉक्टर घेतील म्हणून! तोवर इकडे चांदी कडक व्हायची.

"अगं लोरेटा, देतेस कुणाला? तिकडे भिंत आहे!" शिकवणाऱ्या हॉजबाई ओरडायच्या. सगळ्याजणी खो खो हसायच्या.

"काय करू बाई, हाताला सवयच तशी लागलीय. मेला ऐकतच नाही!"

एकदा मात्र हसता हसता तिचे डोळे भरून आले. हॉजबाई जवळ येऊन बसल्या. "दवाखान्यात रोग्यांशी गप्पा मारतेस ना? मग ह्याच्याशी मार. लक्ष ह्याच्याकडे राहील, डॉक्टरांकडे जाणार नाही."

लोरेटाने माझं नाव वॉल्टर ठेवलं. "आमच्या ह्यांचंच नाव. तेही असेच, तोंड उघडं आणि ऐकू काही येत नाही."

त्या दिवसापासून मला रोज गावच्या गप्पा मिळू लागल्या. उकळत्या पाण्यात कुणाच्या पिरोगी करंज्या फुटल्या, कुणाच्या घरी बाळ आलं. मला कान नव्हते, तरी मी सगळं ऐकलं.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक शेजारीच उभे होते. लोरेटाने दाढेला पत्र्याची पट्टी लावली, चांदी ठासून भरली, कोरायचं हत्यार उचललं आणि तिचा हात निघाला माझ्या नाकावरून! मला काळीज असतं तर ते तेव्हाच थांबलं असतं.

"वॉल्टर," ती पुटपुटली, "आ मोठा करा हं. आज मीच आहे."

हात मागे आला. तिने दाढेला छान आकार दिला, पट्टी काढली आणि चांदी शेजारच्या दाताला नीट टेकली का ते बघायला मध्ये दात साफ करायचा दोरा घातला. टक! असा घट्ट आवाज आला की परीक्षकांनीही मान डोलावली. लोरेटाने माझ्या रबरी कपाळाचा मुका घेतला. ती दाढ हॉजबाईंनी काढू दिली नाही. पुढच्या बायकांना दाखवायला म्हणून तशीच ठेवली.

मग संगणकाच्या पडद्याला जोडलेली नवी डोकी आली. माझा गाल फाटला आणि मी अडगळीत गेलो. परवा तर दंतशाळेच्या दारातल्या कचऱ्यावर पडलो होतो. आपल्या दवाखान्यातल्या नव्या मदतनीस मुलीला दंतशाळेत सोडायला एक पिकल्या केसांची बाई आली आणि थबकली.

"अगोबाई, वॉल्टर!" तिने पर्समधून दोरा काढला. टक! "अजून घट्ट आहे गं!"

"मोडकं डोकं आहे ते, आजी," झाडूवाला म्हणाला.

"असू दे मोडकं. आमचा दवाखाना ह्याच्यामुळे चालू राहिला."

मित्रांनो, जुनं काही टाकायचं असेल तर खुशाल टाका. पण आधी एकदा त्याच्या तोंडात डोकावून बघा. कुणाची तरी पहिली दाढ आत असेल.

आता मी लोरेटाच्या दवाखान्यात खिडकीत बसतो. ती मुलगी हत्यार उचलते, हात पुढे करते, आणि पलीकडे लोरेटाचा हात ते घ्यायला तयार असतो.