मालकाची परवानगी

"गाडी तुमची नाहीये, काका," खिडकीतला कारकून म्हणाला.

त्याला सर्दी झाली होती. गळ्याला मफलर, एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात गाडीचे कागद. काचेला खालच्या बाजूला हात जाईल एवढंच भोक होतं. त्यातून बोलायचं तर कमरेत वाकावं लागायचं. पंपवाला वाकला.

"सव्वीस वर्षं मीच चालवतोय."

"चालवत असाल. मालक दुसरंच कुणीतरी आहे. बाईचं नाव आहे इथे."

"बायको."

"मग तसं सांगा ना," कारकून म्हणाला आणि शिंकला.

पंपवाल्याने मागे वळून मोटारसायकलकडे पाहिलं. कस्टमच्या आवारात, पिवळ्या पट्ट्यावर ती स्टँडवर कलून उभी होती. मागच्या सीटवर पत्र्याची पेटी बांधलेली, दोन्ही अंगांना जाड कापडाच्या पिशव्या, टाकीवर चार दिवसांची धूळ. तिच्या मागे मालाच्या ट्रकांची रांग लागली होती. पुढे साठेक पावलांवर लाल-पांढरा अडसर होता आणि अडसराच्या पलीकडे दुसरा देश. तिकडची जमीन इकडच्यासारखीच दिसत होती, तीच खुरटी झुडपं, तेच विजेचे खांब. इथवर यायला दोन वर्षांची कागदपत्रं आणि चार दिवसांचा रस्ता लागला होता, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही. गेले चार महिने त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. चहा गार होता हे कप खाली ठेवल्यावर कळायचं.

चौतीस वर्षं त्याने शहराच्या पाण्याच्या पंपघरात काढली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी लोक त्याला पंपवालाच म्हणत. पंपाचा आवाज जरा बदलला, की हात न लावता कुठलं बेअरिंग गेलंय ते तो सांगायचा. पण ही गाडी घेतली तेव्हा त्याला सही करता येत नव्हती. दुकानात फॉर्म समोर आला, दुकानदाराने पेन पुढे केलं, चार गिऱ्हाइकं बघत होती. अंगठ्यासाठी शाई मागायची त्याला लाज वाटली. त्याने पेन बायकोकडे सरकवलं आणि तुझं अक्षर चांगलं आहे, तूच कर, असं सांगितलं. ती पाणीपुरवठ्याच्याच कचेरीत फायली लावायच्या कामाला होती. तिने एका दमात फॉर्म भरला, खाली सही केली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "आता माझी गाडी आहे हं. जपून चालवा."

पुढे तो लिहा-वाचायला शिकला. तिनेच शिकवलं. गाडीच्या कागदावरचं नाव बदलायचं मात्र राहून गेलं. तिला गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचंही नव्हतं. वळणावर त्याने वेग घेतला, की पाठीमागून आवाज यायचा, "मालकीण बसलीय मागे, विसरू नका."

परदेशी जायचं वेड तिचंच. एकदा एक परकं जोडपं मोटारसायकलवरून चाललं होतं, त्यांच्या सामानाच्या कॅरिअरचा दांडा नेमका पंपघरासमोर तुटला. पंपवाल्याने तो वेल्डिंग करून दिला. तोवर ती त्यांच्यासाठी चहा घेऊन आली आणि पायरीवर त्या बाईशेजारी बसली. एकमेकींची भाषा दोघींना येत नव्हती. त्या बाईने तिला एक लांबट पुस्तिका दाखवली. माणसाला पासपोर्ट असतो तसा तो गाडीचा. कुठल्याही देशात शिरताना तिथला कस्टमवाला एक शिक्का मारतो, बाहेर पडताना दुसरा, म्हणजे गाडी तिथे विकली नाही, आली तशी परत गेली, हे ठरतं. तिने अर्धा तास ती पुस्तिका चाळली. रात्री जेवताना म्हणाली, "माणसांच्या पासपोर्टवर काय, कुणीही शिक्के मारून आणतं. गाडीच्या पासपोर्टवर अकरा शिक्के होते. मोजले मी."

त्या दिवसापासून ते तिच्या डोक्यात बसलं. तीन देश ओलांडायचे, पलीकडचा समुद्र बघायचा, परत यायचं. भाड्याच्या गाडीची सोय असते, असं मेहुण्याने सुचवून पाहिलं. तिने त्याला दारातूनच वाटेला लावलं. स्वतःची गाडी असताना लोकाच्या गाडीत बसून जायचं, तर मग घरी बसून चित्रंच बघितलेली काय वाईट, असं तिचं म्हणणं. तो निवृत्त झाल्यावर ती या कामाला लागली. कुठल्या कचेरीला पत्र लिहायचं, कुठल्या बाबूला कितव्यांदा आठवण करायची, हे तिला तोंडपाठ होतं. निळ्या फायलीत एकेक कागद लागत गेला. शेवटी पुस्तिका हातात आली, वर्षभराच्या मुदतीची, आणि त्याच महिन्यात तिच्या पोटातलं दुखणं निघालं.

आपल्याच्याने जाणं होणार नाही हे कळल्यावर तिने पलंगावर बसून एक पत्र लिहिलं. मी या मोटारसायकलची मालक, माझे पती माझ्या परवानगीने ती परदेशी नेत आहेत, वाटेतल्या अधिकाऱ्यांनी त्यांना मदत करावी. लेकीकडून नोटरीचा शिक्का मारून आणला आणि ते पत्र फायलीत अगदी वर लावलं. मग त्याला म्हणाली, "तुम्ही जाऊन या. पुस्तिका फुकट घालवू नका."

ती गेल्यावर लोक आले, बसले, उठले. बोलायचं ते सगळं लेकीने बोलून घेतलं. दूधवाल्याने काकू दिसत नाहीत म्हणून विचारलं, तर तो नुसतं "नाहीये" म्हणाला आणि पातेलं पुढे केलं. मरणाचा दाखला आला तेव्हा त्याने हात लावला नाही. लेकीने तो स्वतःच्या घरी नेऊन ठेवला. मग एके सकाळी त्याने गाडीचं ऑइल बदललं, चेन ताणली, निळी फाइल पिशवीत घातली आणि निघाला. लेकीने अडवलं नाही. रोज एक फोन करा, एवढंच म्हणाली.

आता त्याने फायलीतलं ते वरचं पत्र काढून फायलीसकट काचेखालून आत सरकवलं.

कारकुनाने ते सावकाश वाचलं. मग मागची सगळी फाइल उलटून पाहिली. विमा, पुस्तिका, नोंदणीच्या तीन प्रती, सुट्या भागांची यादी, तीन भाषांत लिहिलेला पंपवाल्याचा रक्तगट. त्याने रुमाल खाली ठेवला.

"कोणी लावली ही फाइल?"

"तिनेच."

"मी रोज शंभर बघतो. लोक कागदांचे बोळे करून आणतात." त्याने शिक्का शाईच्या गादीवर टेकवला आणि तिथेच थांबला. पत्राने काम होईल, पण नियमाप्रमाणे मालकाच्या तोंडून एकदा ऐकावं लागतं, असं त्याने समजावलं. एक फोन लावून द्यायचा. बाई हो म्हणाल्या की शिक्का. दोन मिनिटांचं काम.

पंपवाला सरळ झाला. फोन लावतो म्हणाला आणि खिडकीपासून बाजूला भिंतीकडे गेला.

फोनमध्ये तिचा नंबर सगळ्यांत वर होता. तिचा फोन घरी कपाटात बंद पडून होता. त्याने दाबला नाही, नुसता बघत राहिला. रांगेतल्या पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर, फरशा घेऊन चाललेला एक दांडगा माणूस, टायरांना लाथा घालत घालत जवळ आला. काय अडलं म्हणून विचारलं. पंपवाल्याने गाडी कुणाच्या नावावर आहे ते सांगितलं. काकू फोन उचलत नाहीत का, असं ड्रायव्हरने विचारलं. पंपवाल्याने मान हलवली. त्या माणसाला काय समजायचं ते समजलं असावं, कारण तो आणखी जवळ सरकला आणि हळू आवाजात बोलला.

"घरात दुसरं बाईमाणूस असेल ना, काका? लेक, सून कुणी? त्यांना फोन लावा. 'हो, मीच' म्हणायचं, झालं. इथे बसून त्याला कोणाचं तोंड दिसतंय? पाच वर्षं जातोय मी इथून. तो बरा माणूस आहे, त्याला फक्त हो ऐकायचंय."

ते खरंच होतं. लेकीचा आवाज आईसारखाच होता. फोनवर नातेवाईक नेहमी फसायचे. लेक नाही म्हणाली नसती. आधी गप्प झाली असती आणि मग हो म्हणाली असती. कारकुनाने विचारलं असतं, तुम्हीच का मालक? लेकीने म्हटलं असतं, हो, मीच. तुमचे मिस्टर गाडी नेताहेत, तुमची हरकत नाही ना? नाही, माझी हरकत नाही. अडसर वर गेला असता. पंपवाल्याने लेकीचा नंबर काढला. बोट काचेवर टेकलं की फोन लागला असता. बोट टेकलं नाही.

तो परत खिडकीपाशी गेला आणि वाकला.

"लागला का?" कारकुनाने विचारलं.

"नाही."

"परत लावा. घाई नाही मला."

"ती नाहीये."

"बाहेर गेल्यात का कुठे?"

"वारली," पंपवाला म्हणाला. "चार महिने झाले."

हे त्याने कुणापुढे पहिल्यांदाच म्हटलं होतं. म्हटल्यावर काहीतरी होईल असं वाटलं होतं, पण झालं काहीच नाही. मागे ट्रकाची इंजिनं घरघरत होती. कारकुनाने शिक्का गादीवरून उचलून बाजूला ठेवला, तो आडवा पडला, तर त्याने परत उभा केला.

"मग काका, हे पत्र चालत नाही," तो म्हणाला. "हे त्या असेपर्यंतचं. माणूस गेलं की परवानगी पण संपते." त्याने पुन्हा एकदा फाइल उघडली, जणू चुकून काही राहिलं असेल. मग सांगायचं ते सांगितलं. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, गाडी पंपवाल्याच्या नावावर, मग नवी पुस्तिका. ही पुस्तिका आता बाद.

पंपवाला ऐकत होता. नोकरीभर तिची एकही फाइल अपुरी म्हणून परत आली नव्हती. क्लचच्या वायरीपासून रक्तगटापर्यंत तिने सगळं लावलं होतं. आपण नसल्यावर आपली सही चालत नाही, एवढं तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आलं असतं तरी तो कागद तिला लावता आला नसता.

"तुम्हाला जाता येईल," कारकून म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं. "तुमचा पासपोर्ट ठीक आहे. पलीकडे बस मिळते. गाडी इथे शेडमध्ये ठेवा, मी चिठ्ठी देतो. समुद्र बघून या."

"मी जाऊन काय करू?" पंपवाला म्हणाला. "गाडी जाणार होती. मी चालवायला."

कारकुनाने फाइल नीट जुळवली, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि काचेखालून दोन्ही हातांनी बाहेर दिली.

आवारातून उलट दिशेने इंजिन चालू करून जायला मनाई होती. गाडी हाताने ढकलत न्यायची, ट्रकांच्या कडेकडेने, रस्ता लागेपर्यंत. फरशीवाला ड्रायव्हर काही न बोलता मागून कॅरिअरला धरून आला. चढ होता. वर पोचल्यावर दोघंही दमले. ड्रायव्हर आपला ट्रक पुढे घ्यायला परत निघाला आणि जाता जाता म्हणाला, "मी चुकीचं सुचवलं, काका. राग मानू नका."

"चुकीचं काय त्यात," पंपवाला म्हणाला.

सीमेच्या अलीकडे छोटी बाजारपेठ होती. तिथल्या सगळ्या दुकानांचा धंदा लोकांच्या राहिलेल्या कागदांवर चालायचा. फोटो, टंकलेखन, झेरॉक्स. त्याने एका दुकानासमोर गाडी लावली. दुकानदाराला विचारलं, तर गाडी मयत मालकाच्या नावावरून वारसाच्या नावावर करायचा अर्ज छापील मिळतो, असं कळलं. सोबत दाखला जोडायचा, फोनवर मागवला तर इथेच कागदावर काढून देतो. पंपवाल्याने लेकीला फोन लावला.

"बाबा? गेलात का पलीकडे?"

"नाही."

"गाडी बिघडली?"

"गाडी ठीक आहे. तुझ्याकडे दाखला आहे ना, तो पाठव."

"कसला दाखला?"

दुकानात यंत्र चालू होतं. तो थोडा बाहेर सरकला.

"आईच्या मृत्यूचा."

फोन कट झाला की काय म्हणून त्याने तो कानापासून काढून बघितला. मग लेक म्हणाली, "पाठवते." आणि परत थोड्या वेळाने, "बाबा, जेवलात का तुम्ही?"

तो आठवू लागला. "काल जेवलो होतो वाटतं," तो म्हणाला. "आता जेवतो."

दाखला आला. दुकानदाराने तो आपल्या फोनवर घेतला, काहीतरी दाबलं आणि यंत्राने कागद आत ओढला. दुसऱ्या बाजूने तो हळूहळू बाहेर आला. आधी वरचा सरकारी मथळा, मग तिचं नाव, मग तारीख. दुकानदाराने न बघताच तो उचलून पंपवाल्याच्या हातात दिला.

कागद गरम होता. चार दिवस गार वाऱ्यात हँडल धरून बोटं लाकडासारखी झाली होती, त्यांना ते कळलं. त्याने तो दोन्ही तळव्यांत धरला. दुकानदाराने विचारलं, टाचणी मारून अर्जाला जोडून देऊ का.

"थांबा जरा," पंपवाला म्हणाला.

मागचं गिऱ्हाईक त्याच्या बाजूने हात घालून आपले कागद पुढे करू लागलं. तो थोडा कडेला झाला, पण काउंटरपाशीच राहिला, कागद गार होईपर्यंत.