पंचफुलाचं लुगडं

"देव धनगरच हाय रं सटवाजी. आपुन त्याची मेंढरं. तो काही कमी पडू देत न्हाई," लिंबाखाली पाय पसरून मसाजीबुवा म्हणाले.

सटवाजी जातीचा धनगर. त्याच्या मांडीवर कोकरू मान टाकून पडलं होतं. कोकराची आई सकाळीच मेली होती. दुष्काळातला चैत. साखरा गावच्या काळ्या रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

"धनगर? त्याच्या टाचा बगितल्या का तुमी? माझ्या बगा. अन् देवळातल्या बगा, लोण्यावानी."

"असं बोलू न्हाई."

"पंचफुला तापानं फणफणून राहिली व्हती, तवा कुठं गेल्ता चारायला?"

"तुझ्या बायकोचं बोलावणं आलं व्हतं, बाबा."

"लांडग्यानं मेंढी नेली अन् मी मालकाला म्हणलं, तिचं बोलावणं आलं व्हतं, तर मालक जोड्यानं हाणील मला. तुमी तर त्याला नारळ फोडून राहिले!"

शेजारची सोजराबाई कुडाआडून फिसकन हसली.

कोकराला दूध हवं होतं आणि दूध एका शेळीलाच होतं. तिला पंचफुलानं हातावर वाढवलेलं. पंचफुला गेल्यापासून ती स्वतःच्या करडाशिवाय कुणाला कासेला शिवू देत नव्हती. सटवाजीनं कोकरू पुढं केलं की लाथ.

"भावजी," सोजराबाई म्हणाली, "तिला पंचफुलाचा वास पायजे. लुगडं गुंडाळा तिचं."

लुगडं खुंटीवर होतं. सटवाजीनं ते कुणाला धुऊ दिलं नव्हतं. घाम आणि चुलीचा धूर, एवढीच पंचफुला घरात उरली होती. तो खुंटीकडं बघत राहिला. बाहेर कोकरू बारीक ओरडलं.

मिशीवाला सटवाजी डोक्यावर पदर घेऊन बाहेर आला. सोजराबाईनं तोंडात पदर कोंबला. शेळीनं लुगडं हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि गपगार उभी राहिली. कोकराची शेपटी हलायला लागली.

"बगितलं?" बुवांनी आभाळाकडं हात जोडले. "ठेवलं का त्यानं उपाशी?"

"बुवा, हात जोडायचे तर हिकडं जोडा. लुगडं तिचं हाय."

दिवस मावळता सटवाजीनं लुगडं नाकाशी धरलं. नुसता शेळीचा वास येत होता. त्यानं ते झटकलं आणि परत खुंटीवर टाकलं. सकाळी कोकराला पुन्हा भूक लागणार होती.