पहिली कांडी

उंब्रजच्या नाथाजींच्या घरात उसाची लागण म्हणजे सणच. पाणी सोडलेल्या सरीत पहिली कांडी थोरल्या मुलाने ठेवायची आणि पायाने दाबून चिखलात बसवायची, ही रीत. थोरला जोतीराम लढाईवर होता ती चार वर्षं नाथाजींनी स्वतः कांडी दाबली, पण धाकट्या आकारामला दाबू दिली नाही. आणि आता, सत्तेचाळीस सालच्या पौषात, जोतीराम डोळ्यांसमोर बसलेला असताना त्यांनी अंगणात सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की यंदा पहिली कांडी आकाराम दाबेल.

कारण उघड होतं. जोतीरामचा डावा पाय गुडघ्याखाली इटलीत सुरुंगाने नेला होता. लष्करी दवाखान्याने दिलेला लाकडी पाय रस्त्यावर बरा चाले, चिखलात मात्र पहारीसारखा रुते. गेल्याच आठवड्यात तो भिजल्या सरीत आडवा झाला, तेव्हा चार गड्यांनी त्याला उचलून बांधावर ठेवला होता, पोतं ठेवावं तसा. पडल्याचं त्याला काही वाटलं नाही. उचलल्याचं फार लागलं.

"थोरला कोण ते पायावरनं ठरत न्हाई, आबा," तो म्हणाला.

"चिखलाला ते कळत न्हाई," नाथाजी म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

लागणीला बारा दिवस होते. पलटणीतला त्याचा दोस्त कृष्णात, मूळचा सांगलीकडचा, कोकणात एका संस्थानिकाच्या राखीव जंगलात रखवालदार होता. जंगल थेट समुद्राला भिडलेलं, एकदा येऊन बघ, अशी त्याची तीन पत्रं येऊन पडली होती. जोतीराम बायकोला, शालूबाईला म्हणाला, की तिथे मऊ वाळू आहे आणि हसायला कुणी नाही. लागण तोंडावर आली असताना कुठे हिंडायला निघालात, असं सासऱ्याने विचारलं. शालूबाईने पदर सावरला आणि हिंडायलाच निघालोय म्हणून सांगितलं. त्या घरात सुनेने असं उत्तर कधी दिलं नव्हतं.

दोन मोटारी बदलून, घाट उतरून ते पोचले. कृष्णातच्या झोपडीपासून किनारा दोन मैल, वाट सगळी झाडीतली. डोक्यावरून शेकरू उड्या मारत गेलं. भेकर भुंकलं तर शालूबाईला कुत्रंच वाटलं. समुद्र दिसला तेव्हा कृष्णेकाठची ती बाई बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, हे पाणी वाहतंय तरी कुनीकडं? कृष्णात पोट धरून हसला.

जोतीराम मात्र हसायला आला नव्हता. पहिल्या दिवशी तो वाळूत अकरा वेळा पडला, दुसऱ्या दिवशी नऊ. कृष्णात धावला की खेकसायचा, हात लावू नगंस. गुडघ्याचं कातडं सोलवटलं, त्यावर खारं पाणी चरचरलं. पाचव्या दिवशीही लाकूड रुतायचं ते रुतलंच. आता परत जाऊन बांधावर बसायचं, या विचाराने त्याला संताप आला, स्वतःच्या पायाचा आणि बापाच्या त्या वाक्याचा.

सहाव्या दिवशी पहाटे कृष्णातने दोघांना हाक मारली. एक कासवी अंडी घालून, उशीर झालेली, पाण्याकडे निघाली होती. चांगली मणभर वजनाची. पाय म्हणावेत असे पाय नाहीत, नुसते पसरट वल्हे, पण वाळूत रुतत नव्हती. चार हात जायची, थांबायची, पुन्हा जायची. कुणाकडे बघत नव्हती. जोतीराम तिच्या मागोमाग पार लाटेपर्यंत गेला.

"आवं, ती पाय वर उपसत न्हाई," शालूबाई म्हणाली. "बाजूनं काढतीया."

त्याच सकाळी कृष्णातने नारळाच्या झावळीचं रुंद बूड कोयत्याने तासलं आणि काथ्याच्या दोरीने लाकडी पायाखाली आवळून बांधलं. जोतीराम त्या दिवशीही पडला, पण चारच वेळा. पुढचे तीन दिवस तो भरतीच्या ओल्या चिखलवाळूत पाय बाजूने काढत चालत राहिला.

लागणीच्या दिवशी सरीत पाणी सोडलेलं, आकाराम कांडी हातात घेऊन उभा. जोतीराम बांधावर बसला, ते बूड पायाखाली बांधलं आणि कुणाला न विचारता सरीत उतरला. गडी कुजबुजले. आकारामने कांडी मुकाट्याने त्याच्या हातात दिली. बिचाऱ्याला ती नकोच होती. सहा पावलं जोतीराम नीट गेला. सातव्याला दोरी सरकली आणि तो चिखलात पालथा झाला. कांडी हातातून सुटून वाहत्या पाण्याबरोबर गेली.

चौघे गडी पुढे झाले.

"उचलायचं न्हाई कुनी," तो म्हणाला.

चिखलात बसूनच त्याने दोरी आवळली, दोन्ही हात टेकले आणि उठला. तोंडावरून चिखल गळत होता. नाथाजी सरीपर्यंत आले होते, आणि त्यांनी हात पुढे केला.

"हात नगं, आबा," जोतीराम म्हणाला. "बेणं द्या."

 नाथाजी बांधावरच्या बेण्याच्या ढिगाकडे गेले, निवडून एक चांगल्या डोळ्याची कांडी काढली, आणि गडी देतात तशी वाकून मुलाच्या हातात दिली. जोतीरामने ती सरीत ठेवली, लाकडी पायावर सगळा भार टाकला आणि उजव्या पायाने दाबून बसवली.

"दुसरी," तो म्हणाला.