वुसेराई आजीचा भोक पाडलेला माठ

मी बुडाला भोक असलेला माठ बोलतोय. हसून घ्या. आमच्या टेकडीवर सगळेच हसले होते, एक साहेब सोडून.

मला घडवलं वुसेराई आजीनं. झिंबाब्वेतल्या आमच्या गावात तिच्यासारखी कुंभारीण नव्हती, आणि तिच्याइतकी फटकळ बाईही नव्हती. माझ्या गळ्याभोवती तिनं आपल्या वाकड्या अंगठ्याचे ठसे उमटवले. माझ्यात नाचणीची दारू आंबायची. प्यायला येणारे दारूबरोबर तिच्या शिव्याही मुकाट्यानं गिळायचे.

ती गेली तेव्हा लेकीनं मला टेकडीवर तिच्या थडग्यावर ठेवलं आणि दगडानं माझ्या बुडाला भोक पाडलं. आमच्याकडची रीतच आहे ती. फुटका माठ कोण चोरणार?

तीस वर्षांनी एक टोपीवाला साहेब उगवला. आमच्या टेकडीवर पूर्वजांनी उभारलेल्या जुन्या दगडी भिंती आहेत; त्या काळ्या माणसांनी बांधलेल्याच नाहीत, हे त्यानं बोटीतून उतरण्याआधीच ठरवलं होतं. आता फक्त पुरावा खणून काढायचा बाकी होता. खणायला अर्थात काळी माणसंच. त्यातला झ्विद्झाई हा वुसेराईचा नातू. साहेबानं मला उचललं तसा तो ओरडला, "अहो साहेब, आजीचा माठ आहे तो माझ्या! ठेवा खाली!"

"तू खण," साहेब म्हणाला.

मग त्यानं माझ्या भोकाला डोळा लावून आभाळ न्याहाळलं आणि वहीत लिहिलं, 'परदेशी पुरोहितांचं तारे पाहण्याचं यंत्र. दोन हजार वर्षं जुनं.' एका दुपारीत इतकं वय कुणाचंच वाढलं नसेल.

शहरातल्या संग्रहालयात मी काचेमागे बसलो. पुढे साहेबांचं राज्य गेलं, झेंडा बदलला. नव्या संचालकांनी माझ्या चिठ्ठीवरचा 'परदेशी' शब्द खोडून 'आपल्या' असं लिहिलं. यंत्र मात्र यंत्रच राहिलं. मला आजीपाशी जायचं होतं, पण माठाला विचारतो कोण?

गेल्या वर्षी झ्विद्झाईची नात सेकेसाई पुरातत्त्व शिकून तिथंच नोकरीला लागली. आजोबांची गोष्ट तिला पाठ होती. तिनं आपल्या कुंभारीण आत्याला मला बघायला आणलं. आत्यानं काचेला अंगठा टेकवला. तोही वाकडाच.

"बघ गं, घरचाच आहे मेला! चल, घेऊन जाऊ."

संचालक धावत आले. "मावशी, उघड्या टेकडीवर ठेवलात तर चोरीला जाईल हो."

आत्यानं रीतीप्रमाणे आधी हलक्या टाळ्या वाजवून त्यांना मान दिला. मग म्हणाली, "बाळा, तीस वर्षं उघड्यावरच होता. एकच चोर आला. त्याचा फोटो तू जिन्यात लावलायस."

संचालकांनी जिन्याकडे पाहिलं. मग त्यांनी कागद मागवला आणि सही केली.

आता मी पुन्हा आजीच्या थडग्यावर आहे. येणारा जाणारा माझ्यात घोटभर नाचणीची ओततो आणि ती भोकातून थेट खाली झिरपते. आजी बिचारी फार वर्षं तहानलेली होती हो! तुम्हीही कधी आलात तर घोटभर ओता. वही मात्र घरी ठेवून या.